पणजीची निळी भिंत

आमच्या घरी दिवाळीचे चारही दिवस पहाटे अंगणात रांगोळी पडते. ठिपके मोजून ती काढायचे काम सौभाग्यवतींचे, आणि रंग भरताना चुका दाखवायचे माझे. दुपारपर्यंत कोंबड्या, मुले आणि फराळाला येणारी मंडळी मिळून तिची पुरती वाट लावतात. दुसऱ्या दिवशी सडा पडतो आणि नवी निघते. रांगोळीवरून कोणी भांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उद्या पुसली जाणार ह्या खात्रीपोटी आपण तिला सगळे माफ करतो. मला ह्या अंकात लिहायचे आहे ते नेमक्या उलट जातीच्या एका चित्राविषयी. ते १९३५ सालचे आहे, पणजीत आहे, आणि ते पुसले जात नाही हीच त्याची थोरवी आणि तीच त्याची अडचण आहे.

माझा अधिकार आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण चित्रकलेतली माझी मजल फळ्यावर खडूने आंबा काढण्यापलीकडे गेलेली नाही. तेव्हा पुढे जे मत येईल ते रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे आहे असे समजावे. सार्वजनिक भिंतीवरचे चित्र त्याच्यासाठीच असते, नाही का?

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन पणजीला गेलो होतो. आझाद मैदानासमोर मेनेझेस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनात पाऊल टाकले आणि मुलांचा गलबला एकाएकी थांबला. भिंतींवर सगळीकडे निळाई. चकचकीत चौकोनी फरशा एकीला एक जोडून त्यांवर कामोंइश ह्या पोर्तुगीज कवीच्या 'लुझियाद' महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले. हे काव्य १५७२ साली छापले गेले. वास्को द गामाची हिंदुस्थानची सफर हा त्याचा विषय, आणि कवी स्वतः काही काळ गोव्यात राहून गेलेला. ह्या फरशांना पोर्तुगीज 'आझुलेझु' म्हणतात. 'आझुल' म्हणजे निळा, त्यावरून हे नाव पडले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो मूळचा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ घोटलेला, तुळतुळीत दगड. निळा रंग मागाहून आला, आणि त्यातही गंमत आहे. पूर्वेकडे गेलेल्या जहाजांनी चीनमधली निळी-पांढरी भांडी युरोपात नेली, ती तिथल्या लोकांच्या डोळ्यांत भरली आणि त्यांच्या भिंतीही निळ्या झाल्या. म्हणजे ज्या सफरींचे गोडवे ह्या भिंती गातात त्यांच्यातूनच त्यांचा रंग आलेला आहे.

चित्रकार होता जोर्ज कोलासो. पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात साँव बेंतू नावाचे रेल्वे स्थानक आहे. त्याच्या दालनातल्या वीस हजारांच्या आसपास फरशा ह्याच कोलासोच्या. तिथे राजे, लढाया, वेढे, सगळा इतिहास गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंच्या डोक्यावर उभा केलेला आहे. गडी कसलेला होता ह्यात शंका नाही.

ह्या कलेची जुनी रीत वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. एकदा भाजलेल्या फरशीवर पांढऱ्या झिलईचा पातळ लेप देतात. तो वाळला की पिठासारखा भुसभुशीत होतो. कागदावरच्या चित्राच्या रेषांना टाचणीने भोके पाडायची, कागद फरशांवर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. आपल्याकडे रांगोळीचे छाप असतात तशातलाच हा प्रकार. मग कुंचला. कोरडा लेप रंग तत्काळ पिऊन टाकतो, त्यामुळे रेघ चुकली तर चुकली, खोडायची सोय नाही. शिवाय कोबाल्टचा रंग लावताना मळकट दिसतो. त्याचा निळेपणा भट्टीतून निघाल्यावरच डोळ्यांना दिसायचा. म्हणजे चित्रकार काम करतो ते विश्वासावर. प्रत्येक फरशीच्या पाठीवर आकडा घातलेला असतो, नाहीतर भिंतीवर चढताना राजाचे नाक घोड्याच्या तोंडावर जायचे.

एवढे कसब पाहून मान डोलावली, तरी माझे समाधान झाले नाही. का झाले नाही हे तिथे उभ्या उभ्या सांगता आले नसते. आज सांगतो. कोलासोने फरशीला कागद मानले आहे. कॅनव्हासवर जे काढले असते तेच त्याने मातीवर काढले. खोली, छाया, उजेड, कापडाच्या चुण्या सगळे तैलचित्रातले. फरश्यांचे सांधे जाळीसारखे चित्रावरून आडवेउभे जातात आणि चित्र त्यांची दखल घेत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका रेघेला वळण देतो. इथे चौकोनाने चित्राला काहीच दिलेले नाही. आणि दुसरे: हा कोलासो व्यंगचित्रेही काढीत असे, लिस्बनच्या एका वर्तमानपत्राच्या विनोदी पुरवणीचा तो प्रमुख होता. तो मिस्किल माणूस पणजीत मला कुठे भेटला नाही. महाकाव्यापुढे त्याने हसू आवरले असावे.

माझा हा सगळा विचार चालू असताना आमच्या वर्गातली एक मुलगी, बाप रापणीवर जाणारा, भिंतीशी नाक लावून उभी होती. तिने मागे वळून विचारले, "गुरुजी, ह्येच्यात आपली माणसा खंय आसत?"

मला उत्तर सुचले नाही. "पुढे चला, मागच्यांना बघू द्या," असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. वीस वर्षे शिकवल्यावर अशा पळवाटा तोंडावर येतात.

परतीच्या वाटेवर बांद्यापर्यंत मी मनातल्या मनात ती भिंत फोडून काढली होती. समोरच्या मैदानातल्या मंडपात पूर्वी आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. ज्याने १५१० मध्ये गोवा जिंकला तो हा. तो उचलून जुन्या गोव्याच्या संग्रहालयात नेला गेला. मग ह्या फरशांना तिथे का राहू द्यावे? पण पुतळा उचलता येतो, आझुलेझु उचलता येत नाही. तो भिंतीचा भाग झालेला असतो. ओरबाडायला जावे तर हातात खापऱ्या येतात.

नंतर मी थोडे वाचन केले आणि माझा राग आपोआप उतरला. ही संस्था १८७१ मध्ये स्थापन झाली ती 'वास्को द गामा' ह्या नावाने. गोवा मुक्त झाल्यावर तिला लुईश द मेनेझेस ब्रागांझा ह्यांचे नाव मिळाले. चांदरचा हा निर्भीड पत्रकार. सालाझारच्या 'वसाहत कायद्या'विरुद्ध १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात उभा राहून त्याने गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. तो १९३८ मध्ये वारला. म्हणजे १९३५ साली कोलासोच्या फरशा आल्या तेव्हा हा मनुष्य हयात होता. आज दारावर त्याचे नाव आहे आणि दाराच्या आत गामाची गाथा. कादंबरीकाराने असे काही रचले असते तर टीकाकारांनी 'कृत्रिम' म्हणून त्याला झोडपले असते. मला आता ती भिंत फोडावी असे वाटत नाही. त्या नावाशिवाय ती भिंत अर्धी आहे आणि त्या भिंतीशिवाय ते नाव. शिवाय मूळ काव्यातही किनाऱ्यावर एक म्हातारा उभा आहेच. कीर्तीच्या हावेपायी कुठे निघालात म्हणून तो जहाजांना शिव्याशाप देतो. कवी चित्रकारापेक्षा धीट होता असे माझे मत झाले आहे.

पण मुलीचा प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर मला लखनौला सापडले, तेही गाडी चुकल्यामुळे. चारबाग स्थानकासमोर रवींद्रालय नावाचे नाट्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर के. जी. सुब्रमण्यन ह्यांनी १९६३ मध्ये भाजलेल्या मातीचे प्रचंड भित्तिचित्र उभारले. विषय रवींद्रनाथांच्या 'राजा' नाटकाचा, अंधाऱ्या दालनातल्या त्या न दिसणाऱ्या राजाचा. इथे फरशीवर चित्र काढलेले नाही. मातीचे तुकडेच एकमेकांना खेटून चित्र होतात. कुठे ठसा, कुठे चीर, कुठे बोटाने दाबलेली कड. हात दिसतो. जत्रेतल्या मातीच्या खेळण्यांशी, देवळातल्या मातीच्या पाट्यांशी त्याचे नाते लगेच ओळखू येते, आणि नाटकाचा मजकूर ठाऊक नसलेला हमालही त्याच्यापुढे परका होत नाही. मी ट्रंकेवर बसून तासभर ते पाहत राहिलो. चहावाल्याने मला दोनदा हटकले.

सुब्रमण्यन शांतिनिकेतनात ज्यांच्याकडे शिकले त्या बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी एका शस्त्रक्रियेनंतर कायमची गेली. सत्यजित राय ह्यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा छोटा चित्रपट काढला, त्यात हा अंध गृहस्थ कलाभवनाच्या भिंतीसाठी फरशांचे चित्र करवून घेताना दिसतो. कागद चाचपून आकार ठरवायचे, शिष्यांनी ते मातीत आणायचे. डोळ्यांनी पाहायची वस्तू बोटांनी रचलेली! ज्याला दिसत नाही त्याला सांधा लपवण्याची गरज वाटत नाही, असे मला ते पाहताना वाटले.

हे सारे पोर्तुगीज विरुद्ध हिंदी असे कोणी समजू नये. लिस्बनची भुयारी रेल्वे १९५९ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या स्थानकांपैकी बहुतेकांच्या भिंती मारिया केइल ह्या बाईंनी फरशांनी सजवल्या. त्यात राजा नाही, जहाज नाही; नुसते चौकोन, तिरप्या रेघा, रंग. घाईत जाणाऱ्या कारकुनाला ती भिंत काही शिकवू पाहत नाही, त्याची सोबत करते. छायाचित्रांतच पाहिले आहे, तरी कोलासोच्या वीस हजारांवरून मी ते ओवाळून टाकणार नाही.

आणि आपल्याकडे? आपल्या शहरांत फरशांची सार्वजनिक कला म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यात चिकटवलेले देव. लोकांनी थुंकू नये म्हणून साईबाबा, गणपती, क्रूस आणि मक्का एका ओळीत पहारा करतात. सर्वधर्मसमभावाचे इतके रोकडे दर्शन दुसरीकडे मिळणार नाही. पण यंत्रावर छापलेल्या त्या चित्रांकडे कोणी पाहते का? त्यांनी आपल्याकडे पाहावे एवढीच अपेक्षा असते.

हे घरापर्यंत आले म्हणून लिहितो आहे. आमच्या शाळेची पुढची भिंत रंगवायला गावाने पैसे जमवले. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि सुविचारांची अक्षरे हिरवी होतात, तेव्हा फरशाच बसवाव्यात हे समितीला पटले. मात्र त्यांना हव्यात छापील: पुढाऱ्यांची छायाचित्रे आणि खाली देणगीदारांची नावे. मी म्हटले, मुलांच्या हातच्या करू. गावच्या कुंभारदादांनी माती मळून दिली. पातळ फरशी उन्हात वाळवली की पापडासारखी वाकते, म्हणून सावलीत, रोज उलटून वाळवावी लागते, हे आम्ही पहिल्या वीस फुकट घालवून शिकलो. त्यानंतरच्या साठ आव्यात गेल्या. एकेचाळीस धड निघाल्या.

समितीच्या एका सभासदाने हरकत घेतली ती खरी आहे. झिलई नाही, पावसात शेवाळ धरील. कोलासोच्या फरशा ओल्या फडक्याने पुसल्या की कालच्यासारख्या दिसतात. आमच्या दिसणार नाहीत. मी त्याला उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे नव्हते.

त्या मुलीच्या फरशीवर होडी आहे, वरून पाहिल्यासारखी, आणि जाळे ओढणारी माणसे मोजून अकरा. बाराव्याला जागा उरली नाही म्हणून त्याचे नुसते हात कडेवरून आत आले आहेत.

सध्या त्या एकेचाळीस फरशा माझ्या खाटेखाली भाताच्या भुश्यात आहेत. दिवाळीच्या साफसफाईत सौभाग्यवतींनी त्या दोनदा बाहेर काढल्या आणि दोनदा, पदराने पुसून, परत आत सरकवल्या. समितीची बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे.