सामायिक विहिरीचा कायदा

आमच्या चांदवडकडे सामायिक विहिरीवर मोटर एक, भाऊ तीन. रात्री लाइट आली की कांद्याला पाणी भरायला पहिला भाऊ स्टार्टर दाबतो. बंद कोणी करायची? ज्याचं भरणं शेवटी संपेल त्याने.

लिनक्स कर्नलमधल्या व्होल्टेज रेग्युलेटरचा कायदा हाच. लियम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांनी घडवलेली ही व्यवस्था 2008 साली कर्नलमध्ये आली. एकाच रेग्युलेटरवर कॅमेरा, टचस्क्रीन, सेन्सर असे कितीतरी जगतात. वीज मागितली की आकडा एकने वाढतो, सोडली की एकने उतरतो. शून्यावर आला तरच पुरवठा तुटतो. (आकडा मोजणीचा, तारेवर टाकतात तो नव्हे.)

आता माझी आवडती दुरुस्ती. निरनिराळ्या ड्रायव्हरांत ती पुन्हापुन्हा भेटते. ड्रायव्हर सुरू होताना रेग्युलेटर चालू करतो, मग क्लॉक मागतो. क्लॉक मिळालं नाही की तडक 'रिटर्न'. मोटर चालू ठेवून भाऊ घरी! त्यात उत्तर 'नंतर या' असं असेल, तर कर्नल ड्रायव्हरला पुन्हा बोलावतो आणि दर फेरीला आकडा एकाने फुगतो. शेवटी यंत्र चालतंही. आकडा तेवढा शून्यावर येत नाही, बॅटरी उतरत राहते.

पॅचमध्ये उणे खुणेची ओळ एकच: 'रिटर्न रेट'. तिच्या जागी 'गोटू'. फंक्शनच्या तळाशी त्याचं लेबल, खाली 'रेग्युलेटर_डिसेबल', आणि मग तेच 'रिटर्न रेट'. वर्गात ज्याच्या नावाने बोटं मोडली जातात तो गोटू इथे काय शोभतो! कर्नलची शैलीपुस्तिकाही अशा जागी त्यालाच पसंती देते. लेबलं अनेक असली तर क्रम उलटा: शेवटी चालू केलेलं आधी बंद.

खरी नजाकत पुढे आहे. 'डिसेबल'ने दिलेलं उत्तर 'रेट' या चलात भरलेलं नाही. तिथे क्लॉकची मूळ तक्रार जशीच्या तशी आहे, आणि वर जाते ती तीच. नवशिक्या ती आवराआवरीत पुसून टाकतो, आणि 'नंतर या'चा निरोप कर्नलपर्यंत पोचतच नाही.

पॅचसोबतच्या संदेशातली 'फिक्सेस' ही ओळही वाचण्यासारखी. चूक ज्या कमिटने आणली त्याची बारा अक्षरी खूण आणि शीर्षक. करणाऱ्याचं नाव नाही.

ड्रायव्हर सुटला की वीज आपोआप सोडणारं तयार फंक्शन आता मिळतं, त्यामुळे असे गोटू कमी होतील. सोय मान्य. पण नव्या मुलाला कर्नल वाचायला बसवायचं झालं, तर मी त्याच्यापुढे हाच पॅच ठेवीन.