प्रबंध आणि चरित्र : आंबेडकरांच्या संशोधनपर्वाचे मराठी चित्रण

मराठी चरित्रवाङ्मयात विद्यार्थिदशेची वर्णने विपुल आहेत. संशोधकदशेची मात्र फारशी नाहीत. माधुकरी मागून शिकलेला विद्यार्थी, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारा विद्यार्थी, वार लावून जेवणारा विद्यार्थी अशा प्रतिमा या वाङ्मयाने घडविल्या आणि त्या रूढही झाल्या. परंतु शिकणे आणि संशोधन करणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. विद्यार्थ्यापुढे पाठ्यपुस्तक असते, परीक्षेची तारीख असते. संशोधकापुढे एक प्रश्न असतो, तोही बहुधा नीटसा मांडता न आलेला. त्याला मार्गदर्शकाशी मतभेद होण्याची शक्यता असते, शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असते आणि लिहिलेले परत येण्याची भीती असते. या दुसऱ्या अवस्थेचे चित्रण मराठीत कितपत झाले, हे पाहण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९१३ ते १९२३ या दशकाइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही. आणि त्या चित्रणाच्या मर्यादाही याच उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसतात.

या दशकाचा सांगाडा सर्वपरिचित आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून, आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्र परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याची अल्पकाळची नोकरी, मुंबईत सिडनेहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. असा हा क्रम आहे. कोलंबियाची पीएच. डी. औपचारिकरीत्या १९२७ साली मिळाली. कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी न देण्याची तेथील पद्धत होती, आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला.

चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ साली आला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली आणि मराठी चरित्र १९६६ साली प्रसिद्ध झाले. पुढील बहुतेक लेखन या दोघांच्या आधाराने झालेले आहे. या दोन्ही चरित्रकारांचे ऋण मोठे आहे; विशेषतः खैरमोड्यांनी पत्रे, आठवणी आणि कागदपत्रे ज्या चिकाटीने गोळा केली, तिच्याशिवाय आज या विषयावर बोलणेच शक्य झाले नसते. तरीही या चरित्रपरंपरेत संशोधनपर्वाचे निवेदन एका विशिष्ट साच्यात बसले आहे, हे नोंदवावे लागते. तो साचा तपश्चर्येचा आहे. लंडनमधील अपुरे जेवण, रात्री भाजलेल्या पापडांची हकीकत, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बैठक आणि त्यानंतर खोलीवर उत्तररात्रीपर्यंत वाचन, हे तपशील पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक पुनर्कथनात अभ्यासाचे तास थोडे वाढतात. चरित्रनायक काय खात होता हे वाचकाला कळते. तो काय वाचत होता आणि त्यातून कोणत्या निष्कर्षाला येत होता, हे सहसा कळत नाही.

तपश्चर्येच्या कथेला आपला असा एक घाट असतो. तपस्वी एकटा असतो, विघ्ने बाहेरून येतात आणि शेवटी वर मिळतो. संशोधनाचा घाट तसा नाही. त्यात विघ्न पुष्कळदा स्वतःच्याच मांडणीत असते. प्रबंध ‘मिळत’ नाही. तो लिहावा लागतो, परत आल्यास पुन्हा लिहावा लागतो. आंबेडकरांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. मार्च १९२३ च्या सुमारास तो सुधारून पुन्हा सादर करावा, असा निर्णय कळला. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, ऑगस्टमध्ये दुरुस्त प्रबंध पाठविला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. चरित्रग्रंथांत या घटनेचे स्पष्टीकरण एकाच दिशेने येते : ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना झोंबली, आणि आंबेडकरांनी निष्कर्ष न बदलता मांडणी तेवढी सौम्य केली. या स्पष्टीकरणात तथ्य असण्याचा संभव नाकारता येत नाही. पण ते इतक्या सहजतेने स्वीकारले गेले आहे, की पुनर्लेखन हा संशोधनाचा स्वाभाविक टप्पा असू शकतो, हा विचारच मागे पडतो. परत आलेला प्रबंध म्हणजे एक तर अन्याय किंवा अपयश, असे दोनच अर्थ मग वाचकाच्या मनात उरतात.

याच प्रबंधाला एडविन कॅनन यांनी लिहिलेली प्रस्तावना या संदर्भात बारकाईने वाचण्यासारखी आहे. कॅनन हे आंबेडकरांचे लंडनमधील अध्यापक. प्रचलित चलनव्यवस्थेविषयी आंबेडकरांच्या मनात असलेला विरोधभाव आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे ते प्रस्तावनेतच सांगतात. मात्र काही ठिकाणी लेखकाने अचूक वर्मावर बोट ठेवले आहे आणि जेथे तो चुकतो असे वाटते तेथेही त्याच्या विचारांचा ताजेपणा उत्तेजक वाटतो, हेही तितक्याच मोकळेपणाने नमूद करतात. मार्गदर्शकाने मतभेद छापील स्वरूपात नोंदवावा आणि विद्यार्थ्याने तो आपल्याच ग्रंथाच्या आरंभी राहू द्यावा, हा प्रसंग मराठी चरित्रांत फार तर एका वाक्याचा धनी झाला आहे. वास्तविक संशोधकाच्या जडणघडणीचे ते एक मर्मस्थान आहे. आपल्याकडे मार्गदर्शकाच्या प्रस्तावना आशीर्वादपर असतात, हे सांगण्यास कोणा अभ्यासकाची साक्ष काढण्याची गरज नाही.

प्रबंधाचा आशयही थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण तो वगळूनच आजवर त्याची थोरवी गायिली गेली. १८९३ साली सरकारी टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या आणि तेव्हापासून रुपया हळूहळू सुवर्ण-विनिमय परिमाणाकडे गेला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चलनावरील आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे समर्थन केले होते. आंबेडकरांचा आक्षेप असा, की रुपये किती पाडावेत यावर या व्यवस्थेत कोणतेही स्वयंचलित बंधन नाही. सरकारच्या इच्छेवर चलनाचे मोल अवलंबून राहते आणि वाढत्या किमतींचा भार गरिबांवर पडतो. म्हणून विनिमयदर स्थिर आहे एवढ्याने समाधान न मानता, देशातील किमतींच्या संदर्भात रुपयाची क्रयशक्ती स्थिर आहे का, हे पाहावे. एका तिशीतल्या विद्यार्थ्याने केन्सच्या विरुद्ध बाजू घेतली, हे धाडस होतेच. परंतु खरे महत्त्व आहे ते प्रश्न बदलण्याला. परकीय व्यापाऱ्याच्या नजरेतून पाहिलेला रुपया त्यांनी बाजारात धान्य घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून पाहिला. १९२५ च्या अखेरीस हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, ती याच भूमिकेच्या बळावर. पापडांच्या हकीकतीपेक्षा हा दृष्टिबदल चरित्राला अधिक उपकारक ठरला असता. कारण उपासमारीचा अनुभव आणि किमतींचा सिद्धान्त यांचा सांधा येथेच जुळतो.

संशोधक एकटा नसतो, याचा एक लक्षणीय पुरावा १९१६ च्या जातिविषयक निबंधात आहे. तेथे सेनार्ट, नेसफील्ड व रिस्ले यांच्या व्याख्यांबरोबर श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्येची चिकित्सा आहे. केतकरांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ त्यांच्या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थिदशेत, १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. १९११ मध्ये ते तेथे पीएच. डी. झाले. म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील एका विद्यापीठात एका चित्पावन ब्राह्मण विद्यार्थ्याने लिहिलेला ग्रंथ काही वर्षांनी त्याच राज्यातील दुसऱ्या विद्यापीठात एक महार विद्यार्थी वाचतो, त्याच्या चिकित्सक बुद्धीचा गौरव करतो आणि मग त्याने सांगितलेली दोन लक्षणे, जातीबाहेर विवाहबंदी आणि जन्माने सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचे दाखवून देतो. मराठी वैचारिक इतिहासातील इतका अर्थपूर्ण संवाद इंग्रजीत, परदेशात आणि तळटीपांच्या भाषेत व्हावा, ही गोष्ट खंत करण्यासारखी खरीच. केतकर पुढे ज्ञानकोशकार झाले, आंबेडकर नेते झाले. त्या दोन स्वतंत्र चरित्रांत हा संवाद विखुरला गेला.

तुलनेसाठी इरावती कर्वे यांचे उदाहरण घेता येईल. १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असमतेवर प्रबंध लिहिला. वंश आणि असमता यांचा संबंध असावा, हे मार्गदर्शकाचे गृहीत होते. मोजमापांतून ते सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तो जर्मनीतील वंशवादी विज्ञानाच्या ऐन भरभराटीचा काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. तरी मराठी वाचकाला इरावतीबाई ठाऊक आहेत त्या ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’ यांच्या लेखिका म्हणून. प्रबंधाचा निष्कर्ष हा चरित्राचा प्रसंग होऊ शकतो, ही जाण येथेही उणीच पडली.

स्वतः आंबेडकरांनी या पर्वाविषयी काय लिहिले? फार थोडे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत बडोद्याचा प्रसंग सविस्तर येतो : परदेशातील वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरताच राहायचे कोठे हा प्रश्न पुढे उभा राहिला, पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस, आणि काठ्या घेऊन आलेला जमाव. ग्रंथालये, प्राध्यापक, प्रबंध यांना तेथे जागा नाही. संशोधन जेथे थांबते तेथून हे निवेदन सुरू होते, ही त्याची रचना अर्थगर्भ आहे. कोलंबियात प्राचीन व्यापारापासून राष्ट्रीय उत्पन्नापर्यंत लिहिणाऱ्या माणसाला खोली मिळत नाही. पदवीने मिळवून दिलेला दर्जा स्थानकाच्या बाहेर टिकत नाही. त्याच १९१७ साली त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले. त्यात पुस्तकांबरोबर मूळ प्रबंधाचे हस्तलिखितही गेले, असे त्यांनी पुढे आपले कोलंबियातील अध्यापक सेलिग्मन यांना कळविले होते. बोटीबरोबर बुडालेले हस्तलिखित चरित्रांत दैवाच्या फटक्यासारखे येते. पाच वर्षांनी तोच माणूस नवा प्रबंध लिहीत असतो, या वस्तुस्थितीकडे मात्र कामाच्या अंगाने पाहिले जात नाही.

कामाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट पुढे येते : पैसा. बडोद्याची शिष्यवृत्ती एका व्यक्तीपुरती होती. घर परळच्या चाळीत होते. १९२० मध्ये लंडनला परत जाताना प्राध्यापकीच्या पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर मजल मारावी लागली. या ताळेबंदाची दुसरी बाजू रमाबाईंनी सांभाळली. येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. अभ्यासपूर्ण चरित्रांपेक्षा वामनदादा कर्डक आणि त्यांच्या परंपरेतील शाहिरांच्या भीमगीतांनी हा ताळेबंद अधिक नेमकेपणाने जतन केला. त्या गीतांत रमाबाईंचे कष्ट गौण तपशील म्हणून येत नाहीत. बॅरिस्टरच्या पुस्तकांची किंमत कोणी मोजली, याचा तो हिशेब असतो. समीक्षेने या गीतांकडे केवळ भावनिक जनसाहित्य म्हणून पाहिल्यामुळे, संशोधनाचा सामाजिक खर्च सांगणारे एक साधन हातचे गेले.

हा प्रश्न केवळ चरित्रलेखनाच्या तंत्राचा नाही. यमुनेच्या काठी नोएडात २०११ साली खुले झालेले राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ असो की गावोगावच्या चौकातील पुतळे, आंबेडकरांची प्रतिमा ग्रंथाशी कायमची जोडलेली आहे. पुतळ्याच्या हातातील तो ग्रंथ म्हणजे संविधान. कोणीही त्याला परत आलेला प्रबंध समजणार नाही. प्रतीक म्हणून ते योग्यच आहे. पण याच राजधानी परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहून दिल्लीच्या विद्यापीठांत संशोधन करणारे, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेले विद्यार्थी आहेत. २००५-०६ पासूनच्या राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीने आणि नंतर बार्टीसारख्या संस्थांच्या साहाय्याने ज्यांच्या घरातील पहिला प्रबंध लिहिला गेला वा जात आहे, अशी ही पिढी आहे. त्यांच्या अडचणी खूपच गद्य आहेत : अधिछात्रवृत्तीचा हप्ता लांबणे, मार्गदर्शकाने प्रकरण परत करणे, घरून ‘अजून किती दिवस’ अशी विचारणा. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची अधिछात्रवृत्ती काही महिने थांबलेली होती. त्यानंतर झालेल्या चर्चेत आंबेडकरांचे नाव सर्वत्र होते. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट परतलेले आंबेडकर मात्र फारसे कोणाला आठवले नाहीत.

अठरा तासांच्या अभ्यासाचा आदर्श या विद्यार्थ्यापुढे ठेवला की त्याची अडचण त्याच्याच शरीराची आणि इच्छाशक्तीची ठरते. हप्ता लांबला हा व्यवस्थेचा दोष, आणि प्रकरण परत आले हा कामाचा भाग, हा फरक त्या आदर्शात करता येत नाही. उलट, १९१७ मध्ये लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मागून घेणारे, मध्यंतरी नोकरी करून पैसा साठविणारे, मुदतीच्या आत परत जाणारे आणि नाकारलेला प्रबंध मुंबईत बसून काही महिन्यांत दुरुस्त करणारे आंबेडकर त्याला कामाला येतील. ही सामग्री नव्याने शोधावी लागणार नाही. खैरमोड्यांच्या खंडांत, सरकारी प्रकाशन समितीने छापलेल्या लेखन-भाषणांच्या खंडांत आणि कोलंबिया व लंडन येथील दप्तरांत ती आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केलेला आहे आणि ‘रुपयाचा प्रश्न’ आईवडिलांच्या स्मृतीस. या दोन अर्पणपत्रिका शेजारी ठेवून जरी वाचल्या, तरी शिष्यवृत्ती कोणी दिली आणि तिच्यापलीकडचा खर्च कोणी सोसला, हे चरित्रकाराला सुरुवातीलाच कळू शकते.