एकच लिनक्स, सगळ्यांना

आम्हा बँकवाल्यांना एकसारखेपणाचं भारी प्रेम. पैसे भरायची स्लिप गेवराईला जी, तीच आष्टीला. तेव्हा ‘यापुढे सर्व सर्व्हरवर एकच लिनक्स’ असं परिपत्रक वरून आलं, आणि माझ्यातला बी.कॉम. सुखावला.

लिनक्स म्हणजे काय, हे आमच्या काउंटरवर मी असं सांगतो : १९९१ साली टोरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं एक दाणा पेरला. कर्नेल म्हणजे दाणाच की! पुढे त्याच ज्वारीची कुणी भाकरी थापली, कुणी घुगऱ्या शिजवल्या. या पाककृतींना म्हणायचं डिस्ट्रिब्युशन.

एका कचेरीत एकच पाककृती असावी, हे मला मान्य आहे. दुरुस्ती एकदा तपासली की सगळीकडे लावता येते, आणि बदलून आलेल्या मुलाला नव्यानं काही शिकवावं लागत नाही. माझी तक्रार आहे ती परिपत्रकातल्या कारणाबद्दल. कारण काय, तर ‘सर्वत्र हेच वापरले जाते.’ अहो, मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा आपण मुलाची नोकरी कायम की हंगामी, एवढं तरी विचारतो!

सेंटओएसचंच बघा. रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सचं हे फुकटातलं जुळं भावंड. निम्म्या जगाचा त्याच्यावर जीव. २०१४ साली रेड हॅटनं त्याला पंखाखाली घेतलं, २०१९ साली आयबीएमनं रेड हॅटलाच घेतलं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत मरण नाही, अशा समजुतीत मंडळी होती. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं, की ३१ डिसेंबर २०२१ ला दुकान बंद. गंमत म्हणजे जुनी सातवी आवृत्ती ३० जून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे ज्यानं हौसेनं नवं घेतलं तो आधी उघड्यावर, आणि ज्यानं आळसानं हात लावला नाही तो पुढची अडीच वर्षं निवांत! सरकारी नोकरीचं तत्त्वज्ञान इतकं स्वच्छ मला दुसरीकडे सापडलेलं नाही. २०२१ सालीच अल्मा आणि रॉकी ही भावंडं उभी राहिली, म्हणून बऱ्याच जणांची अब्रू वाचली.

आमच्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. शिवारभर एकाच जातीचा बीटी कापूस, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कुणाचा बांध पाहिला नाही.

मग काय घ्यावं? डेबियन आहे, १९९३ पासून चालू, स्वयंसेवकांच्या हाती, विकत घ्यायला मालकच नाही. आपल्या सी-डॅकनं २००७ साली काढलेलं ‘बॉस’ त्याच्याच पायावर उभं आहे. (कचेरीत आणखी एक बॉस कशाला, ही शंका रास्त आहे.) पण डेबियनसुद्धा डोळे मिटून घेऊ नये. आधार कोणत्या सालापर्यंत आणि तो तुटला तर किती दिवसांत कुठे जायचं, या दोन ओळी परिपत्रकात हव्याच होत्या. तिथे ‘कडक अंमलबजावणी व्हावी’ असं लिहिलंय, आणि गोल शिक्का नेमका तारखेवर बसलाय.