मंदी आली की अतिउजवे वाढतात? एका गाजलेल्या शोधनिबंधाकडे घोटीतून पाहताना

जुलैमध्ये आठवडाभर घरी, घोटीला होते. आवणी सुरू होती, पाऊस थांबत नव्हता. माझा मावसभाऊ हायवेवरच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. सहा-सात महिने काम, मग ‘ब्रेक’, मग ठेकेदाराच्या मनात आलं तर पुन्हा गेट पास. तो तेव्हा ब्रेकवरच होता. चहा पिता पिता म्हणाला, “ताई, तू युरोपचं वाचते ना? तिथंही बाहेरच्यांनीच वाट लावली म्हणे. इथंही तेच. आम्ही जास्त मागतो, भैय्ये कमीत तयार होतात. मग आपल्याला कोण घेणार?”

माझा पीएचडीचा विषय आर्थिक संकटं आणि मतदान हा आहे. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं. नव्हतं. जे होतं ते एक वाक्य, वर्तमानपत्रांत आणि सेमिनारमध्ये हजारदा ऐकलेलं: ‘अर्थव्यवस्था अडकली की अतिउजवे पक्ष वाढतात.’ हे वाक्य नेमकं येतं कुठून आणि ते कितपत खरं आहे, हे आज तुमच्यासोबत तपासायचं आहे.

आधी शब्दाचं बघू. ‘अतिउजवे’ म्हणजे कोण? कास मुडे या डच अभ्यासकाने त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत. पहिलं, देश फक्त मूळच्या लोकांचा आणि बाहेरचा म्हणजे धोका, ही धारणा. दुसरं, कडक शिस्तीची आणि शिक्षेची ओढ. तिसरं, ‘साधी जनता विरुद्ध भ्रष्ट वरचे लोक’ अशी मांडणी. यातल्या पहिल्या लक्षणाला आपल्याकडे जुना शब्द आहे, भूमिपुत्रवाद. महाराष्ट्रातले पक्ष आणि युरोपातले पक्ष एकच आहेत असं मी म्हणत नाहीये. पण हा एक धागा दोन्हीकडे आहे, आणि आजच्या लेखात मी तेवढाच धरणार आहे.

आता तो शोधनिबंध. मानुएल फुंके, मोरित्झ शुलारिक आणि क्रिस्टोफ ट्रेबेश या तिघांचा, २०१६ साली ‘युरोपियन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला. १८७० ते २०१४ या काळातल्या २० प्रगत देशांमधल्या ८०० हून जास्त निवडणुका त्यांनी तपासल्या. निष्कर्ष असा की बँका बुडण्यासारखं वित्तीय संकट आलं की त्यानंतरच्या वर्षांत अतिउजव्या पक्षांची मतं सरासरी ३० टक्क्यांनी वाढतात.

इथे थांबा. ३० टक्क्यांनी वाढतात, ३० टक्के होत नाहीत. ज्या पक्षाला १०० पैकी १० मतं होती त्याची १३ होतात. लोकशाहीत तीन मतं कमी नाहीत, पण बातम्यांमध्ये हा आकडा ज्या आवाजात येतो तो आवाज या तीन मतांचा नसतो.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. याच निबंधात साध्या मंदीचीही तपासणी आहे. उत्पादन घटलं, कामं गेली, पण बँका बुडाल्या नाहीत, अशी मंदी. तिच्यानंतर अतिउजव्यांची अशी वाढ लेखकांना दिसली नाही. म्हणजे ‘मंदी आली की उजवे वाढतात’ याला पुरावा म्हणून जो निबंध पुढे केला जातो, तो मुळात तसं म्हणतच नाही.

मग फरक कशाने पडतो? लेखकांचा अंदाज मला पटतो. साधी मंदी लोक दुष्काळासारखी सोसतात. वित्तीय संकटात मात्र दोषी दिसतो: बँकवाल्यांनी जुगार खेळला आणि सरकारने त्यांनाच वाचवलं. पोट दोन्हीकडे जळतं. राग तिथे धरतो जिथे बोट दाखवायला कुणीतरी असतं.

इथवर मी या निबंधाच्या बाजूने आहे. माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. बोट दाखवायला कुणीतरी हवं हे ठीक. पण बँकवाल्यावरचा राग स्थलांतरितावर कसा जाऊन पडतो? निबंधात एका टोकाला संकट आहे, दुसऱ्या टोकाला मत आहे आणि मधला माणूस गायब आहे. मत म्हणजे जणू थर्मामीटर, ताप आला की पारा चढणार.

सरासरी बाजूला ठेवून एकेक देश पाहिला की पारा तसा चढत नाही. स्पेनमध्ये २०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी २६ टक्क्यांच्या पुढे होती. तिथल्या अतिउजव्या वोक्स पक्षाला २०१५ च्या निवडणुकीत अर्धा टक्काही मतं मिळाली नाहीत. तो राग तेव्हा पोदेमोस या डाव्या पक्षाकडे गेला. वोक्सला पहिलं मोठं यश मिळालं डिसेंबर २०१८ मध्ये, आंदालुसिया प्रांतात, म्हणजे अर्थव्यवस्था सावरत असताना. उलट जर्मनीत २०१७ साली बेरोजगारी एकत्रीकरणानंतरच्या नीचांकावर होती आणि त्याच वर्षी एएफडी १२.६ टक्के मतं घेऊन संसदेत पोहोचला. पुढे २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एएफडी २०.८ टक्क्यांवर गेला. त्यामुळे अडकलेल्या अर्थव्यवस्थेचा काहीच संबंध नाही असंही म्हणता येत नाही. संबंध आहे, पण सरळ रेषेचा नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आमच्या रस्त्याने मुंबईला चला. कसारा घाट उतरून गिरणगावात.

शिवसेना स्थापन झाली १९ जून १९६६ ला. त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, आधीच्या वर्षी पावसाने दगा दिला होता, महागाई आणि बेकारी होती. म्हणजे थर्मामीटरवाल्यांना हवा तसा मुहूर्त. तिच्यावरचे मेरी कॅट्झेनस्टाइन आणि दीपांकर गुप्ता यांचे जुने अभ्यास नोकरीच्या प्रश्नावर भर देतात, आणि ते बरोबरच आहे. ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. मध्यमवर्गीय मराठी तरुणाला त्यात आपल्या न मिळालेल्या नोकरीचा पत्ता सापडत होता.

पण गिरणी कामगाराचं काय? १९६७ मध्ये परळने कृष्णा देसाई या कम्युनिस्टाला आमदार केलं. ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत तिथूनच वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. तीन वर्षांत परळच्या चाळीतल्या माणसाचा पगार असा काय बदलला होता? बदललं ते त्या पगाराचं स्पष्टीकरण देणारं माणूस.

यापेक्षाही बोलकी पुढची दोन सालं आहेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. थर्मामीटर खरा असता तर पारा तेव्हाच फुटायला हवा होता. पण डिसेंबर १९८४ च्या लोकसभेला, देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने अपक्ष म्हणून निवडून दिलं खुद्द दत्ता सामंतांना. आणि १९८९ मध्ये? तोच मतदारसंघ, आणि खासदार शिवसेनेचे वामनराव महाडिक.

१९८४ मध्ये दुःख ताजं होतं आणि संघटना उभी होती. १९८९ पर्यंत दुःख तिथेच होतं, संघटना मोडली होती. १९८९ च्या निकालामागे इतरही कारणं होती, हिंदुत्वाची हवा होती, हे मान्य. तरी ही दोन सालं शेजारी ठेवली की प्रश्न बदलतो. ‘किती दुःख आहे’ हे विचारून भागत नाही. ‘त्या दुःखाचा दोष कुणावर ठेवणं लोकांना परवडतं’ हेही विचारावं लागतं.

परवडतं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. तो कुठून आला ते सांगते, पण आधी नाशिक.

फेब्रुवारी २००८. मनसेच्या आंदोलनात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि नाशिकमधून हजारो कामगार मिळेल त्या गाडीने पळाले. बसवरच्या दगडफेकीत एचएएलचा एक कामगार गेला. तो मराठीच होता. आता तारीख पुन्हा वाचा. लेहमन ब्रदर्स बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये. फेब्रुवारीत मंदी नव्हती. त्या वेळच्या आकडेवारीनुसार देशाचा विकासदर ९ टक्क्यांच्या आसपास होता, नाशिकमध्ये इमारती उठत होत्या, आणि त्या बांधायलाच तर ते कामगार आले होते. २००९ च्या विधानसभेत मनसेचे १३ आमदार आले, त्यात नाशिक शहराच्या तिन्ही जागा. २०१२ मध्ये महापालिकेत ४० नगरसेवक आणि महापौर. २०१७ मध्ये नगरसेवक उरले पाच. या दहा वर्षांत सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराचं आयुष्य काही स्थिर झालं नाही. तरी मत आलं आणि गेलं.

आणि शहरापासून तासाभरावरचा आमचा इगतपुरी तालुका? उत्पन्नाने, सोयींनी नाशिकच्या कितीतरी मागे. धरणं आमच्याकडे, पाणी दुसरीकडे. भात काढून झाला की पाड्यांवरची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात, म्हणजे तिथे तीच ‘बाहेरची’. हा मतदारसंघ २००९ आणि २०१४ दोन्ही वेळा काँग्रेसच्या निर्मला गावितांकडे राहिला. इथे भूमिपुत्रवादाला मतं नव्हती असा याचा अर्थ नाही, आणि जागा आदिवासींसाठी राखीव असल्याने तुलनाही जपून करायला हवी. पण जास्त अडकलेली जागा म्हणजे जास्त संतापाचं मत, हे सूत्र इथे तरी बसत नाही.

देशाच्या सरासरीवर चालणाऱ्या अभ्यासाला नाशिक आणि घोटीतला हा फरक दिसूच शकत नाही. हा त्या निबंधाचा गुन्हा नाही, त्याच्या चष्म्याची मर्यादा आहे. गुन्हा आपला आहे, त्या चष्म्यातून प्रत्येक गल्ली दिसते असं समजण्याचा.

आता मावसभावाकडे परत. मी त्याला विचारलं, “हजेरी कोण ठरवतं?”

“ठेकेदार.”

“तो कुठला, यूपीचा?”

तो हसला. “नाही गं, आपल्याच तालुक्यातला. ओळखीतला आहे.”

“मग त्याला का नाही विचारत?”

“त्याला विचारलं तर ब्रेकनंतर परत घेईल का? भैय्याला शिव्या दिल्या तर काय होतं? काहीच नाही.”

माझ्या तीन वर्षांच्या वाचनात जे सापडलं नव्हतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. वरच्याला दोष देण्याची किंमत नोकरी आहे. शेजारच्याला दोष देणं फुकट आहे. युनियन असते तेव्हा वरच्याला दोष देण्याची किंमत अडीच लाख लोकांत वाटली जाते, म्हणून परवडते. युनियन गेली की प्रत्येक जण एकटा हिशेब करतो, आणि एकट्याच्या हिशेबात परप्रांतीयच स्वस्त पडतो. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांची अट राज्याच्या धोरणात कधीची आहे. पण ठेकेदाराकडे सात महिन्यांसाठी लागलेल्या स्थानिकाला तिचा काय उपयोग?

माझ्याही म्हणण्यावर शंका घ्या. निकाल लागल्यावर ‘संघटना मोडली म्हणून असं झालं’ म्हणणं सोपं असतं. खरी परीक्षा आधी लावायची असते. माझं बरोबर असेल तर सारखीच झळ बसलेल्या दोन औद्योगिक भागांपैकी जिथे युनियन जिवंत आहे तिथे बाहेरच्यांविरुद्धचं मत कमी दिसायला हवं. तसं दिसलं नाही तर हा सगळा लेख मला मागे घ्यावा लागेल. प्रबंधाचं पुढचं प्रकरण याच तपासणीचं आहे.

निघताना मावसभाऊ स्टेशनपर्यंत सोडायला आला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, हे त्याला ठाऊक होतं. जर्मन शिकायला किती दिवस लागतात, असं तो विचारत होता. मी त्याला एएफडीचे आकडे सांगितले. थोडा वेळ गप्प बसला.

मग म्हणाला, “म्हणजे तिथं मी भैय्या.”

गाडी आली होती. क्लासची चौकशी करून कळवते, एवढंच बोलले.