शहरी आदिवासी आणि ओळखीचा पुरावा

आदिवासी म्हटला की तो जंगलातच असला पाहिजे, हा आपल्या प्रस्थापित समीक्षेचा जुना हट्ट आहे. तारपा, मोहाची फुले, डोंगर एवढे जमले की समीक्षक संतुष्ट होतो. तोच आदिवासी लोकलच्या दारात लोंबकळू लागला की त्याच्या लेखनातील 'आदिमता हरवली' अशी तक्रार सुरू होते. या तक्रारीला परस्पर उत्तर देणारी एक कादंबरी माझ्या वाचनात आली. टॉमी ऑरेंज या शायेन-अरापाहो लेखकाची 'देअर देअर' (२०१८). ती कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात घडते. हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष तेथेच जन्मला आणि १९७२ साली मुंबईतील आपल्या पोरांनी नाव उचलले ते त्याच पँथरचे.

पण त्याच शहराचा दुसराही इतिहास आहे. १९५३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जमातींचा स्वतंत्र दर्जा संपविण्याचे धोरण ठरावाने स्वीकारले आणि १९५६ साली स्थलांतराचा कायदा केला. राखीव प्रदेशांतील तरुणांना प्रवासभाडे, काही दिवसांचा भत्ता आणि कामाचे प्रशिक्षण देऊन शहरांत धाडण्यात आले. हेतू उघड होता: आदिवासी गर्दीत विरघळावा, म्हणजे जमिनीचा आणि तहांचा प्रश्न आपोआप मिटेल. तो विरघळला नाही. आज तेथील बहुसंख्य आदिवासी शहरांत राहतात, आणि या कादंबरीतील बारा माणसे त्यांच्यापैकीच आहेत.

येथे आपली वाट वेगळी होते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे वाभाडे काढले. आमच्यासाठी शहर ही सुटकेची वाट होती. माझ्या बापाने गाव सोडले म्हणूनच मी घरातला पहिला पदवीधर झालो. ही सुटका किती अपुरी होती ते बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच 'जेव्हा मी जात चोरली होती'मध्ये दाखविले. त्यांचा नायक रेल्वेच्या नोकरीतही जात लपवितो आणि ती उघड होताच मार खातो. ऑरेंजच्या माणसांचे दुःख याच्या उलट आहे. त्यांना स्वतःची जमात शोधावी लागते. एडविन ब्लॅक हा तरुण आदिवासी साहित्याचा उच्च अभ्यास करतो. पण बापाची जमात कोणती, हेच त्याला ठाऊक नसते. तो बाप त्याला फेसबुकवर सापडतो!

ऑर्व्हिल हा पोरगा तर आजीच्या कपाटातला नाचाचा पोशाख चोरून अंगावर चढवितो. पोशाख तोकडा पडतो. नाच तो यूट्यूबवर पाहून शिकलेला असतो. आरशापुढे उभे राहिल्यावर त्याला आपण सोंग वठवीत आहोत असे वाटते. हा प्रसंग मला फार जवळचा वाटला, कारण माझ्या वर्गातील एक विद्यार्थी जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीपूर्वी आपल्या आजीकडून लग्नविधी, देव आणि बोलीतले शब्द वहीत उतरवून घेऊन परीक्षेसारखे पाठ करीत होता. तो चाळीत वाढला आहे. कचेरीच्या भाषेत याला 'अॅफिनिटी टेस्ट' म्हणतात. ही चाचणी निर्णायक कसोटी ठरू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या, हेही खरेच; त्यांना सूट द्यावी असे मी म्हणत नाही. प्रश्न असा आहे की शाळा, नोकरी, बाजार यांनी ज्याची बोली काढून घेतली, त्यालाच ती बोली पुरावा म्हणून का मागावी? आणि आपला समीक्षक त्याच्या कवितेकडून तरी दुसरे काय मागतो?

कादंबरी निर्दोष नाही. शेवटी सगळी पात्रे एका पाउवाऊत, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यात, एकत्र आणून तेथे गोळीबार घडविला आहे. तो योगायोगांवर तोललेला वाटतो. बंदूक आदिवासी पोरांच्या हाती आणि बळीही आदिवासी. ज्या सत्तेने त्यांना शहरात आणून टाकले ती प्रस्तावनेत धगधगते, पण पुढे जवळजवळ दिसेनाशी होते. श्रमाचेही तसेच. दलित साहित्यातले शहर गटारीत, गिरणीत, फुटपाथवर घाम गाळते. येथे पत्रे वाटीत हिंडणारी ओपल सोडली तर श्रमाचे शहर फारसे भेटत नाही. मात्र ही ओपल एकटीच पुष्कळांना पुरून उरते. लहानपणी ती आईबरोबर अल्काट्राझ बेटावर राहिलेली आहे, तेही १९६९ ते १९७१ या काळात आदिवासींनी ते बेट ताब्यात घेतले होते तेव्हा. पुढे तीच नातवंडांना आदिवासीपणाचे काही शिकविण्याचे टाळते. हा विरोध लेखकाने उपदेश न करता सोसला आहे.

मुंबईत तर उलटेच घडले. आरेच्या पाड्यांतला वारली शहरात आलाच नाही. शहर त्याच्या अंगावर चालून आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांवर झाडे तोडली गेली. त्या पाड्यातल्या पोराने किंवा पोरीने मेट्रोवर, रेशनकार्डावर, मोबाइलच्या दुकानातल्या नोकरीवर लिहावे. त्यात तारपा आला नाही, तरी ते आदिवासी साहित्यच आहे.