चिरेबंदीपणाचे विधान

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाचे विवेचन करताना मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन वाटा चोखाळलेल्या दिसतात. पहिली समाजशास्त्रीय: विदर्भासाठीचा १९५८चा कूळकायदा, १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा, वतनदारीचा अस्त आणि शहरांकडे सरकलेले अर्थकारण यांमुळे धरणगावकर देशपांडे घराणे ढासळले, असे ती सांगते. दुसरी तत्त्वचिंतनात्मक: सर्वच भौतिक वस्तू नाशवंत असतात, वाडा हे त्या अनित्यतेचे प्रतीक होय, असा तिचा निर्वाळा असतो. दोन्ही वाटांना आधार आहे. परंतु पडझडीचे कारण दोघीही घराबाहेर शोधतात. एकीला ते इतिहासात सापडते, दुसरीला काळात. नाट्यसंहिता मात्र ते घरातच दाखविते, असे मला वाटते.

प्रारंभ शीर्षकापासूनच करता येईल. ‘चिरेबंदी वाडा’ असा स्वाभाविक पदक्रम येथे नाही. विशेषण नामानंतर आल्यामुळे ते केवळ वर्णन न राहता विधान होऊ पाहते: वाडा चिरेबंदी आहे. घरातील प्रत्येक व्यक्ती हे विधान कोणत्या ना कोणत्या रूपात उच्चारीत असते आणि नाटक ते तपासून पाहते.

या तपासणीत तीन वस्तू महत्त्वाच्या ठरतात: खुद्द वाडा, घराण्याचे सोने आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. तिघींत एक साम्य आहे. त्या वापरात नाहीत. त्या केवळ ‘आहेत’. ट्रॅक्टर नांगरटीसाठी चालत नाही, पण हलविलाही जात नाही. सोने कोणाच्या गरजेला उपयोगी पडत नाही. ते भास्करच्या ताब्यात आहे आणि वहिनीच्या अंगावर चढते तेही रात्री, बंद खोलीत. येथे सुरक्षितता म्हणजे वस्तूला व्यवहारातून काढून घेणे होय. आणि व्यवहारातून काढून घेतलेली वस्तू ज्या वेगाने निकामी होते, तो वेग काळाचा नव्हे, राखणीचा असतो. रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर दागिने घेऊन पळून जाते, हा प्रसंग म्हणूनच निव्वळ योगायोग ठरत नाही. जे सोने घरातील कोणाचेच होऊ दिले नाही, ते शेवटी घराबाहेर जाते.

या राखणीची किंमत कोण देते, हा प्रश्न नाटकात सतत उपस्थित आहे. प्रभाला शिकावयाचे होते. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी तात्याजींनी ते नाकारले. चंदू घरातच गड्यासारखा राबतो. तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत जो वाद होतो, त्यातही गावापुढे घराणे उभे असल्याचे दाखविण्याची निकड जिवंतांच्या गरजांवर मात करते. मुंबईहून आलेले सुधीर व अंजली या व्यवस्थेबाहेर आहेत असे म्हणावे, तर वाट्याच्या सोन्यावर त्यांचेही लक्ष आहे. आणि मेलेल्या मुलाला हाका मारणारी दादी? तिला विसरभोळी वृद्धा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. घरातील इतर माणसे वस्तूंच्या बाबतीत जे करतात, तेच ती नावाच्या बाबतीत करते: जे उरलेले नाही त्याला ती हाक मारीत राहते. फरक एवढाच की तिच्या हाकेने कोणाचे आयुष्य अडत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ या पुढील नाटकांसह, १९९४मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने ज्या रूपात प्रयोग केला त्या नाट्यत्रयीच्या रूपात, ही कृती वाचली तर तिचा रोख एका घराण्यापलीकडे जातो. ‘युगान्त’मधील दुष्काळाने उजाड झालेला परिसर हा देशपांड्यांच्या कर्माचा परिणाम नव्हे. हा आक्षेप मान्य करावयास हवा. तिसऱ्या नाटकात अनित्यतेच्या चिंतनाला निश्चितच जागा आहे. मात्र त्या नाटकाचा उजेड मागे वळवून पहिल्यावर टाकला की एक घोटाळा होतो. सारेच नष्ट होणार होते असे एकदा म्हटले, की प्रभाचे शिक्षण नाकारले गेले ही गोष्टही त्या ‘साऱ्या’त विरघळून जाते. वाड्याचा चिरा ढासळणे आणि एका मुलीचे आयुष्य थांबविणे या दोन घटना मग एकाच कोटीतल्या होतात. त्या तशा नाहीत. पहिली टाळता आली नसती. दुसरी आली असती.

अनित्यतेचा बोध आपल्या परंपरेत खोलवर रुजलेला आहे. म्हणूनच समीक्षकाने तो जपून वापरावयास हवा. ज्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे नाटकात रंगमंचावर उभी आहेत, तो काळाच्या स्वाधीन करणे म्हणजे त्यांची सुटका करणे होय. एलकुंचवारांनी ती केलेली नाही. वाड्याविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, आणि नाटककार ती नाकारीतही नाही; परंतु त्या हळहळीबरोबरच प्रभाचा हिशेबही तो वाचकापुढे मांडतो. ‘वाडा चिरेबंदी’चे वाचन त्या हिशेबावाचून पुरे होत नाही.