नौका आणि नायक

जॉर्ज क्लूनी यांचा 'द बॉइज इन द बोट' (२०२३) हा चित्रपट १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिक जिंकणाऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वल्हेकऱ्यांची कथा सांगतो. मंदीच्या काळांत केवळ निवारा व नोकरी मिळावी म्हणून वल्हें हातीं धरणारा जो रँट्झ हा तिचा नायक. आणि येथेंच चित्रपटाचें उणेपण आहे. या खेळांत एकट्याचा पराक्रम व्यर्थ होय. जो अवेळीं अधिक जोर लावील, तोच नौकेची लय बिघडवील. आठ जणांनीं एकरूप होणें हाच यांतील खरा नाट्यविषय. नौका बांधणाऱ्या पोकॉकच्या प्रसंगांत तो क्षणभर उजळतो. एरव्हीं सारा भार शेवटच्या ०.६ सेकंदाच्या विजयावर आहे.

वऱ्हाडी वाचकांस तें बर्लिन परकें नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें त्याच वर्षीं तेथें कबड्डीचीं प्रात्यक्षिकें केलीं. त्यांत पदक मिळावयाचें नव्हतें. म्हणून ती साधना उणी ठरते काय? दुर्बळाच्या श्रमांस विजयानेंच मोल येतें, ही या चित्रपटाची नकळत दिलेली शिकवण आमच्या मुलांनीं मात्र घेऊं नये.